एस्टीम उघडण्याआधी: हौशी मोटरस्पोर्टमधले काही गैरसमज

मारुती एस्टीमचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. जिप्सीही आता शोरूममध्ये मिळत नाही. तरी आपल्याकडच्या ऑटोक्रॉसमध्ये आणि छोट्या रॅलींमध्ये या दोन्ही गाड्यांना अजून मान आहे, तो उगाच नाही. गाडी साधी, सुटे भाग स्वस्त, आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री जवळपास प्रत्येक गावात सापडतो. एमपीएफआय एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन ८५ अश्वशक्ती देतं आणि गाडीचं वजन नऊशे किलोच्या आतबाहेर. हौसेला एवढं पुष्कळ झालं.

अडचण सुरू होते ती गाडी घरी आल्यावर. चार मित्र, दोन मिस्त्री आणि एक अ‍ॅक्सेसरीवाला सल्ले द्यायला जमतात, आणि सगळ्यांचा सूर एकच असतो: आधी पॉवर वाढव. माझं मत नेमकं उलट आहे. वीस वर्षांच्या गाडीवरचा पहिला खर्च ती कारखान्यातून निघाली तशी परत करण्यावर व्हावा, दुसरा ब्रेक आणि टायरवर. त्यानंतर पैसे उरलेच (सहसा उरत नाहीत) तर इंजिनाकडे वळावं.

“इंजिन एकदम खणखणीत आहे, म्हणजे गाडी तयार”

जुनी गाडी विकणारा बॉनेट उघडून दाखवतो. खरं बघायचं असतं ते खाली. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, इंजिनाची माउंटिंग, ब्रेकचे रबरी होस ही सगळी रबराची आणि सांध्यांची मंडळी किलोमीटरपेक्षा वयानं मरतात. कमी चाललेली, झाकून ठेवलेली गाडीही त्यातून सुटत नाही.

तपासणी फुकटात होते. पुढचं चाक उचला, गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर दोष व्हील बेअरिंगमध्ये असेल किंवा बॉल जॉइंटमध्ये. आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथली ढिलाई बहुधा टाय रॉडच्या टोकाची असते. बुश बघायला पहार किंवा लांब टॉमी घालून आर्म हलकेच रेटायचा. रबराच्या कडेला भेगा दिसल्या की तो बुश संपला.

बुश संपलेल्या गाडीत ब्रेक मारताच चाकाचा कोन बदलतो आणि गाडी एका अंगाला ओढते. रस्त्यावर ते स्टीअरिंगनं सांभाळून घेतलं जातं. वळणाच्या तोंडाशी जोरात ब्रेक मारताना ते सांभाळत बसायला वेळ नसतो. चारही कोपऱ्यांतली रबरं आणि सांधे बदलून अलाइनमेंट केलेली साधी एस्टीम, बुश खिळखिळे असलेल्या ‘ट्यून’ एस्टीमला वळणावळणाच्या मैदानात सहज मागे टाकते.

“स्प्रिंगचे दोन वेढे कापले की गाडी रस्त्याला चिकटते”

गाडी खाली बसली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो, इथपर्यंत बरोबर. पण एस्टीमसारख्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात, आणि तिथे एक गोम आहे. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. लोअर आर्म चाकाच्या बाजूला जरा खाली झुकलेला असतो तोवर हा बिंदू ठीक उंचीवर असतो. गाडी फार खाली आणली की आर्म चाकाकडे वर चढतो आणि रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्यानं खाली घसरतं. दोघांमधलं अंतर वाढतं, आणि गाडी कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे खाली बसवलेली गाडी वळणावर कलायला जास्त बघते.

वर कापलेल्या स्प्रिंगमुळे शॉकअपचा प्रवास कमी होतो. खड्डा आला की बंपस्टॉपवर आदळायचं, आदळली की चाकाची पकड सुटायची. शिवाय चाक लटकल्यावर कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून निसटूही शकते. मातीच्या ट्रॅकवर तर खाली बसवायचा प्रश्नच नको. तिथे जमिनीपासूनची उंची आणि चाकाचा प्रवासच कामाला येतो, आणि तळाला इंजिनखाली जाड गार्ड लागतो. जिप्सीला पुढे-मागे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल. तिथे हे गणित आणखी निराळं. पैसे खर्च करायचे तर चांगल्या शॉकअपवर करा. मूळ स्प्रिंग आणि नवे, जरा कडक शॉकअप एवढ्या बदलानंच गाडी ओळखू येत नाही.

“मोठ्या डिस्क लावल्या की ब्रेकचा प्रश्न मिटला”

ब्रेक हे उष्णतेचं काम आहे. चालकासह हजार किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना जी ऊर्जा उष्णतेत जाते, तिच्यात एक लिटर पाणी सुमारे ९० अंशांनी तापेल. ताशी ५० वरून थांबवताना तिच्या एक चतुर्थांशच ऊर्जा लागते. चार-पाच मिनिटांच्या फेरीत असं दहा-पंधरा वेळा झालं की ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरमध्ये आणि शेवटी ब्रेक ऑइलमध्ये पोहोचते.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणूनच त्याचे दोन उत्कलनबिंदू सांगितले जातात. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी शोषल्यावर १४० पर्यंत. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. कोकणात दोन पावसाळे काढलेल्या गाडीतलं ऑइल दुसऱ्या आकड्याच्या जवळ गेलेलं असतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही; त्यामुळे पेडल पार फरशीपर्यंत जातं आणि ब्रेक लागत नाही. गाडी थोडी थंड झाली की सगळं पुन्हा ठीक, आणि गॅरेजमध्ये दोष सापडतच नाही.

स्पर्धेआधी ताजं डॉट ४ भरून नीट ब्लीड करणं ही जुन्या गाडीवरची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सुधारणा आहे. त्यानंतर चांगले पॅड. निव्वळ रेसिंगचे पॅड मात्र रोजच्या गाडीला घालू नयेत, ते थंड असताना नीट धरतच नाहीत. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला छान, पण सततच्या तापण्या-निवण्यात भोकांच्या कडेपासून त्यांना तडे जातात.

आणखी एक सवय मोडायची. फेरी संपवून आलात की तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

“आपल्याकडे कुठे थंडी, थर्मोस्टॅट काढून टाका”

हा सल्ला जितका सर्रास दिला जातो तितकाच चुकीचा आहे. थर्मोस्टॅटची झडप साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडते. ती काढली की इंजिन बराच वेळ थंड राहतं, ईसीयू त्याला जादा पेट्रोल पाजत राहतो, आणि ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. काही इंजिनांत तर झडप नसली की पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता बायपासमधूनच फिरतो, आणि इंजिन उलट जास्त तापतं.

गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरचं झाकण बघा. सुमारे ०.९ बार दाब धरणाऱ्या झाकणामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला. झाकणाला खर्च फार नाही, पण त्याच्यापायी हेड गॅस्केट उडतं. त्यानंतर आतून जाम झालेला रेडिएटर, मग पंख्याचा स्विच.

“कोन फिल्टर, फ्री-फ्लो आणि शंभर ऑक्टेन”

ही त्रिमूर्ती पटकन उरकतो, कारण आवाज जास्त आणि ऐवज कमी. कोन फिल्टर उघडा बॉनेटखाली लावला तर तो इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६५ असेल तर हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी. फिल्टरनं जे कमावलं त्याहून जास्त गमावलं. मातीच्या ट्रॅकवर धूळ अडवणारा मूळ डबाच बरा.

‘इंजिनाला बॅक प्रेशर लागतं’ हेही खरं नाही. इंजिनाला हवा असतो धुराचा वेग. फार जाड नळी घातली की कमी आरपीएमला तो वेग मरतो, खालचा टॉर्क जातो, आणि वळणातून निघताना गाडी मेल्यासारखी वाटते. राहिलं ऑक्टेन. तो आकडा पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही ते सांगतो, त्यात जास्त ताकद भरलेली नसते. मूळ कॉम्प्रेशन आणि मूळ टायमिंग असलेल्या इंजिनात महाग पेट्रोल ओतून फक्त बिल वाढतं.

जुन्या गाडीला पेट्रोलचा खरा प्रश्न निराळाच आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही. तो जुन्याच मापानं देतो, आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं, अडखळतं. मेन जेट एक माप वाढवून बघणं आणि जुने रबरी पेट्रोल पाइप बदलणं, ही दोन्ही कामं कार्ब्युरेटरवाल्या गाडीत आधी करावीत. इथेनॉल पाणीही शोषतं, त्यामुळे दोन स्पर्धांच्या मध्ये महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नये.

“रोल केज लावली की आपण सुरक्षित”

कशाची लावली यावर आहे. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला शिवणरहित, थंड ओढलेली पोलादी नळी लागते: ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. पाय गाडीच्या तळाला जिथे टेकतात तिथे किमान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी हवी. पाण्याच्या जीआय पाइपची वेल्ड केलेली केज उलटल्यावर शिवणीतून फाटू शकते. तळाचा पत्रा गंजलेला असेल तर उत्तम केजसुद्धा पत्रा फोडून बाहेर येईल, म्हणून जुन्या गाडीत केजआधी गंज.

आणि केजवाली गाडी हेल्मेटशिवाय रोज ऑफिसला नेणं हा शुद्ध वेडेपणा आहे. साध्या धडकेतही डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलाद असतं. हार्नेसच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबलही वाचा. कोणत्या वर्षापर्यंत तो ग्राह्य आहे ते त्यावर छापलेलं असतं. ‘अजून कडक आहे’ म्हणून जुना पट्टा स्वस्तात घेऊ नये. उन्हानं धागा आतून मरतो.

“रॅली म्हणजे वेग”

टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतर प्रकारात, ठरवून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो. लवकर पोहोचलात तरी दंड, आणि बहुतेकदा तो उशिरापेक्षा कडक. इथे अश्वशक्तीचं काडीचं काम नाही. इथे घात करतो बदललेला टायर. टायरचा व्यास मूळ मापापेक्षा ३ टक्के मोठा असेल तर शंभर किलोमीटरला ओडोमीटर सुमारे तीन किलोमीटर कमी दाखवतो; ताशी ४० च्या सरासरीत ती साडेचार मिनिटांची चूक झाली. टायर घेताना त्याच्या भिंतीवरचे चार अंकही बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, वय झालेलं रबर कडक झालेलं असतं. मोकळ्या मातीवर रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतो, हेही दुकानात कुणी सांगत नाही.

“आपली गाडी, आपण काहीही करू”

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू आहे: निर्मात्यानं ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून स्पर्धा फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेची बघावी, परवाना काढावा आणि एक पैसा खर्च करण्याआधी त्या वर्षाची नियमावली वाचावी. एका बदललेल्या कॅमशाफ्टमुळे गाडी जवळपास मूळ स्थितीतल्या गाड्यांच्या गटातून उचलून खुल्या गटात टाकली जाते, आणि मग समोर कितीतरी तयार गाड्या असतात.

विम्याचं कलमही वाचून ठेवा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हा वापर स्पष्ट वगळलेला असतो.

पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगार, हाही आपल्याकडचा एक समज. दिल्ली परिसराची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात फिटनेस पास करून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. फी मात्र एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर.

“स्पर्धा झाली, गाडी धुतली, संपलं”

उलट तिथून काम सुरू होतं. मातीतल्या एका दिवसानंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा बघायचे. घट्ट केलेल्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवली की पुढच्या वेळी ढिला झालेला नुसत्या नजरेला कळतो. अ‍ॅक्सलचे रबरी बूट वाकवून बघायचे. एक चीर पडली की ग्रीस बाहेर, माती आत, आणि जॉइंट काही दिवसांचा सोबती. रेडिएटरच्या जाळीवर प्रेशर वॉशर समोरून मारला तर फिन वाकतात आणि माती आणखी आत बसते, म्हणून पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं सोडायचं. इंजिन ऑइल किलोमीटर मोजून नाही, तापलेल्या तासांच्या हिशोबानं बदलायचं. मागचे ड्रम उघडून आतली माती काढायची, नाहीतर सोमवारी सकाळी पहिल्याच सिग्नलला मागून खरखर ऐकू येते.