जुन्या मोटारीची पारख

रोह्यास आमच्या कैलासवासी चुलतबंधूंच्या घरामागें, पत्र्याच्या छपराखालीं, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतली १९६६ सालची फियाट उभी आहे. तीस गिऱ्हाईक आलें, तेव्हां पारखण्यास वहिनींनीं आम्हांस पेणहून बोलाविलें.

पेणेंत नव्या रंगानें गणेशमूर्ति खुलते. जुन्या मोटारीचें मोल त्यानें बहुधा घटतें. मूळ रंग टिकलेला असावा, इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं जुळावे. कोंकणच्या पावसांत पत्रा खालून सडतो. तेथें लांबी भरून वर रंग दिला कीं डोळे फसतात. लोहचुंबक फसत नाहीं, लांबीवर तो चिकटतच नाहीं. दाराखालीं तो दोनदां गळून पडला! ती डागडुजी पूर्वीं आम्हींच करविली होती.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनीं प्रथम नोंदणीस ५० वर्षें झालेली, मूळ स्वरूपांतली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. (संग्राहक मात्र १९१९ ते १९३० च्याच गाड्यांस तसें म्हणतात.) नित्य वापरास तिला मनाई आहे.

गिऱ्हाइकास आम्हीं लांबीचें सांगितलें. त्यानें रक्कम उतरविली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, आधीं यांच्या ट्रंकेंत तें पुस्तक शोधा.” तें अद्याप सांपडलेलें नाहीं.