एका अंशाचा दहावा भाग

भोपाळहून इंदूर साधारण 190 किलोमीटर. गाडीचं पुढचं एक चाक सरळ रेषेपासून एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाइतकं आत वळलेलं असलं, तर एवढ्या प्रवासात ते जवळजवळ 330 मीटर आडवं फरपटतं. गाडी सरळच जाते आणि आपण गप्पा मारत इंदूरला पोचतो. हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा आहे: दर किलोमीटरला पावणेदोन मीटर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात साडेतीन मिलीमीटरसुद्धा नाही. स्टिअरिंग धरलेल्या हाताला यातलं काही कळत नाही, पण रबराला कळतं. नव्या टायरच्या नक्षीची खोली सात-आठ मिलीमीटर असते आणि 1.6 मिलीमीटरवर तो कायद्याने बाद होतो. खर्चायला हातात असतात जेमतेम सहा मिलीमीटर.

म्हणूनच संध्याकाळी बड्या तलावाच्या काठाने, व्हीआयपी रोडवरून एखादी लोअर केलेली, म्हणजे मुद्दाम खाली बसवलेली स्विफ्ट जाते, तेव्हा माझी नजर तिच्या रंगावर न थांबता चाकांकडे जाते. चाक आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा, आणि समोरून पाहिलं तर दोन्ही चाकांचे माथे किंचित आत झुकलेले. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. माथा आत असेल तर ऋण, बाहेर असेल तर धन. वरून पाहताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली दिसतात, तो टो. तिसरा कोन कॅस्टर: चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष बाजूने पाहिल्यास मागे किती कलला आहे, ते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, ते मुख्यतः कॅस्टरमुळे.

चाक मुळात वाकडं ठेवायचंच कशाला? वळणावर गाडीचं अंग बाहेर कलतं आणि बाहेरच्या बाजूचं चाकही सोबत कलतं. नेमक्या त्याच चाकावर तेव्हा सगळ्यात जास्त भार असतो. प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. तेवढ्या चार तळहातांवर गाडी, माणसं आणि सामान उभं असतं. चाक बाहेर कललं की त्यातला अर्धा तळहात उचलला जातो. म्हणून सरळ रस्त्यावर त्याला थोडं आत कलतं ठेवायचं, म्हणजे वळणावर अंग कललं की ते सपाट टेकतं. दुसरा उपाय रस्ताच कलता करण्याचा. आपल्याच राज्यात, इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रात 2021 साली खुल्या झालेल्या 11.3 किलोमीटरच्या चाचणीमार्गाची वळणं तशी उतरती बांधलेली आहेत. रोजच्या रस्त्यावर ती चैन नसते, तेव्हा कलावं लागतं चाकालाच.

या कलण्याची किंमतही असते. भोपाळची नमकवाली चाय प्यायलात की कागदी पेला टेबलावर आडवा ठेवून ढकलून बघा. तो सरळ जात नाही, अरुंद बाजू आत ठेवून गोल फिरतो. कललेला टायर असाच शंकूसारखा वागतो आणि ज्या बाजूला झुकलाय तिकडे वळू पाहतो. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असली की ती एकमेकींना मारते आणि गाडी सरळ राहते. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाचा फरक पडला की जास्त जोरवाल्याचं चालतं. याच गुणाचा रेल्वेने फायदा करून घेतलाय. राणी कमलापती स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीला स्टिअरिंग नसतं, तरी ती वळण घेते, कारण तिच्या चाकांचा घेर मुद्दाम शंकूसारखा उतरता घडवलेला असतो. रेल्वेला जी ओढ हवी, ती मोटारीला नको.

आता गाडी लोअर केल्यावर काय होतं ते पाहू. आपल्याला वाटतं, अंग चार सेंटिमीटर खाली आलं, बाकी सगळं जिथल्या तिथे. पण चाक काही सरळ वर-खाली सरकत नाही. स्विफ्टसारख्या गाडीत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डमधल्या अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना. 1950 च्या फोर्ड कॉन्सुलपासून ती मोटारींत आली, आणि आज जगातल्या बहुसंख्य छोट्या गाड्या तिच्यावरच चालतात. वर स्ट्रटचं टोक अंगाला बांधलेलं, खाली एक आडवा लोखंडी हात, म्हणजे लोअर आर्म. त्याचं आतलं टोक अंगाला, बाहेरचं चाकाला. अंग खाली आलं की या हाताचं बाहेरचं टोक तुलनेने वर जातं, आणि ते जातं कमानीतून. आधी उतरता असलेला हात आडवा होत जातो, चाकाचा पाय बाहेर ढकलतो आणि ऋण कॅम्बर वाढतो. इथवर सोपं. पण हात वर जात जात स्ट्रटशी काटकोनात आला की खेळ उलटतो. त्यापुढे चाक जितकं वर जाईल तितका कॅम्बर घटतो. म्हणजे बेताने लोअर केलेल्या गाडीची चाकं आत झुकतात, आणि फारच खाली आणलेल्या गाडीला ऐन वळणावर, गरज असते तेव्हाच, तो झुकाव मिळेनासा होतो.

याहून चकित करणारी एक गोष्ट आहे. गाडी वळणावर ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू या हातांच्या कोनांवरून ठरतो. गाडी खाली आणली की तिचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर उतरतो, पण मॅकफर्सन रचनेत तो कलण्याचा बिंदू त्याहून जास्त उतरतो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि तेवढ्याच अंतराचा दांडा धरून वळणाचा जोर गाडीला कलवतो. स्प्रिंग तीच ठेवून कशीबशी खाली बसवलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलू शकते! लोअरिंग स्प्रिंग कडक बनवतात, त्याचं एक मोठं कारण हे.

आणि टो? स्टिअरिंगच्या टाय रॉडची, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचीही स्वतःची कमान असते. लोअर आर्मची कमान वेगळी, टाय रॉडची वेगळी. कारखान्यात ठरवलेल्या उंचीच्या आसपास त्या दोघींचं जमतं. उंची बदलली की टाय रॉड चाकाला थोडं ओढतो किंवा ढकलतो, आणि कुणीही स्टिअरिंगला हात न लावता चाकांची तोंडं फिरतात. कुठल्या गाडीत आत, कुठल्या गाडीत बाहेर, हे स्टिअरिंगची जोडणी कुठे आहे त्यावर ठरतं.

"गाड़ी टायर खा रई हे खां," असं भोपाळी गिऱ्हाईक तक्रार करतं, तेव्हा दोष कॅम्बरला दिला जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो. माझं मत पक्कं आहे: खाणारा बहुतेक वेळा टो असतो. एक-दीड अंश ऋण कॅम्बर असूनही टो नीट असेल तर टायर बरीच वर्षं टिकतो. आतली कड जरा आधी झिजते, इतकंच. टो बिघडला तर काही हजार किलोमीटरमध्येच नक्षीच्या कडा धारदार होतात. टायरवरून तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे खरखरीत लागलं, तर तो टो.

भोपाळचा रस्ता या सगळ्याची रोज परीक्षा घेतो. शहर टेकड्या-उतारांचं, आणि भोवतीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावरचं डांबर लाटा खातं. शिवाय गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचा नमुनेदार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच पण 3.7 मीटर रुंद असतो, 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर. तेवढ्यात तो गतिरोधक पोटाकडे फक्त साडेचार सेंटिमीटर फुगतो. जमिनीपासून 163 मिलीमीटर उंच असलेली गाडी 40 ने खाली आणली तरी सुमारे 8 सेंटिमीटर शिल्लक राहतात. मापात बांधलेल्या गतिरोधकावर लोअर केलेली गाडीही घासत नाही! घासते ती कॉलनीतल्या हौशी, अरुंद, सिमेंटच्या उंचवट्यावर, जिथे पुढची चाकं उतरलेली आणि मागची चढायची असताना अख्खा उंचवटा पोटाखाली येतो.

अलाइनमेंटचं थ्रीडी मशीन मी कितीही वेळा पाहिलं तरी तिथून पाय निघत नाही. चारही रिमांना ठिपक्यांच्या पाट्या चिमट्याने लावतात, समोर खांबावर कॅमेरे. वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबगोल दिसतं, आणि लंबगोल किती चपटा झालाय त्यावरून पाटी किती तिरकी आहे ते मोजता येतं. पण चिमटाच वाकडा बसला असेल तर? म्हणून उस्ताद गाडी वीतभर मागे ढकलून पुन्हा पुढे आणतो. वाकडी पाटी फिरताना डगमगते, आणि ती ज्या रेषेभोवती डगमगते ती रेषा म्हणजेच चाकाचा खरा अक्ष. पाटी वाकडी असूनही माप सरळ निघतं. कॅस्टर तर थेट दिसतच नाही. पुढची चाकं फिरत्या तबकड्यांवर ठेवून स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे वळवतात आणि तेवढ्यात कॅम्बर किती बदलला त्यावरून तो काढतात. गाडी फक्त पुढून चार सेंटिमीटर खाली आणली असेल तर नाक खाली जाऊन कॅस्टर जवळजवळ एका अंशाने घटतो, आणि स्टिअरिंग सरळ व्हायला आळस करतं.

मोजलं, पण बदलायचं कसं? बहुतेक छोट्या गाड्यांत कारखान्याने फक्त टोची सोय दिलेली असते. कॅम्बरसाठी स्ट्रट आणि चाकाला धरून ठेवणारा नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एक काढून विकेंद्री बोल्ट घालतात. त्याचा दांडा बारीक, मधे एक फुगीर उंचवटा. बोल्ट फिरवला की उंचवटा नकलला आत किंवा बाहेर ढकलतो, आणि पडद्यावरचा आकडा लाल असतो तो सरकत सरकत हिरवा होतो. बोल्ट पाव फेराही फिरलेला नसतो. काही ठिकाणी मात्र हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रटच वाकवतात. आकडा येतो, पण आत सरळ रेषेत सरकायला बनवलेल्या दांड्याच्या नळीला वाकवून तो आलेला असतो. हे करू देऊ नये. स्प्रिंग कापून गाडी खाली आणणंही तसंच. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग वीस टक्के कडक होते, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी तुळई असेल तर कोन पक्के असतात. दुरुस्ती करायचीच तर पाचरीसारख्या पातळ चकत्या घालून.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी. मोटर वाहन अधिनियमाचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 मधला निकाल, दोन्हींचा रोख हाच, की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात आपल्या मनाने फेरफार करायचे नाहीत. स्प्रिंगला हात लावण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

नव्या स्प्रिंगा बसल्यावर लगेच अलाइनमेंट करू नये. काही दिवस गाडी चालू द्यावी, स्प्रिंग आणि रबरी बुश आपापल्या जागी बसतात आणि उंची आणखी थोडी उतरते. मग हवा तपासायची आणि मागच्या चाकांपासून सुरुवात करायची, कारण गाडी कुठल्या रेषेत ढकलली जाते ते मागची चाकं ठरवतात आणि पुढची त्या रेषेला जुळवून घेतात. त्यानंतर कॅस्टर, मग कॅम्बर आणि टो शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. स्टिअरिंग सरळ करून पट्टीने बांधायचं, टाय रॉडचा लॉकनट सैल करून रॉड दोन्ही बाजूंनी सारखाच फिरवायचा. आकडा जुळला की नट आवळायचा आणि आवळल्यावर पडद्याकडे पुन्हा एकदा बघायचं. नट आवळताना रॉड किंचित फिरतो, आणि एवढ्या खटपटीने मिळवलेल्या अंशाच्या दहाव्या भागाला तेवढं फिरणं पुरतं.