आढीतला आंबा बरा



मे महिन्यात भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडील बांधांवरच्या आंब्यांना पाड लागतो आणि व्यापाऱ्याची घाई सुरू होते. "आजच माल उतरवा, पिकवायचे आम्ही बघतो." हे बघणे म्हणजे पुष्कळदा कागदाच्या पुडीतले कार्बाइड असते.

कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगच्या दुकानात जळतो तोच हा. त्याने कोवळ्या कैरीची साल पिवळी होते, पण आतली गोडी येत नाही. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये सोमल व फॉस्फरसचे अंश असतात. त्यामुळे घशाची आग, उलटी, चक्कर, कातडीवर फोड असे त्रास संभवतात. म्हणूनच 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनी कार्बाइडने पिकवलेली फळे विकण्यास मनाई केली आहे.

मग करावे काय? पूर्ण भरलेला आंबा आपणच पिकतो. त्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. आढीत तो कोंडतो आणि एका फळामागून दुसरे पिकते. आपल्या आजीला वायूचे नाव ठाऊक नव्हते, रीत ठाऊक होती.

1. देठाजवळचे खांदे वर आले की फळ भरले समजावे. असे फळ पाण्यात बुडते, कोवळे तरंगते.
2. सकाळी, बोटभर देठ ठेवून, झेल्याने उतरवावे. फळ जमिनीवर आपटू नये.
3. नंतर देठ खुडून, तोंड खाली करून चीक निथळू द्यावा. चीक सालीला व हातालाही पोळतो.
4. हवेशीर, कोरड्या खोलीत वाळल्या गवतावर एक थर आंबे, वर गवत, अशी आढी घालावी.
5. दोन दिवसांआड चाळून नासके फळ काढावे. साधारण आठ-दहा दिवसांत आंबा पिकतो.

मोठ्या मालासाठी इथिलीनची पिकवणी खोली असते. तिला कायद्याची परवानगी आहे.

आठ दिवस थांबणे सोपे नाही, हे मी जाणतो. मृग तोंडावर असतो, तुरीचे बियाणे आणायचे असते. तेव्हा थोडा माल भरलेला पाहून विकावा आणि उरलेल्याची चार घरांनी मिळून आढी घालावी. घरच्या मुलांना मात्र आढीतलाच आंबा द्यावा. पिकल्या आंब्यातले पिवळे सत्त्व शरीरात अ जीवनसत्त्व होऊन डोळ्यांना उपयोगी पडते.

जे आपल्या लेकराच्या हातात देणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी पेटीत भरू नये.