बाप पण उशिराच बोलायचा!

‘काळजी कसली करतेस? याचा बाप पण उशिराच बोलायचा!’ ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईने हे वाक्य किमान पन्नासदा ऐकलेलं असतं. सासूकडून, शेजारणीकडून, कधी कधी तर चक्क डॉक्टरकडून. आणि खरं सांगू? ऐकताना तिला बरंही वाटत असतं.

गोव्यातल्या अशा पालकांशी निवांत बोलून मिराज देसाई आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पालकांच्या प्रवासाचे चार टप्पे दिसतात. आधी सगळं छान, आपलं बाळ, आपलं जग. मग काहीतरी खटकतं, पण ‘होईल ठीक’ म्हणून सोडून दिलं जातं. मग मूल चारचौघांत वेगळं वागतं आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. शेवटी काहींना मुलाकडे बघायची नवी नजर मिळते, त्याच्या भविष्याचे प्रश्नही उभे राहतात.

वाचताना मला पानोपानी आमची जऊळक्याची वहिनी दिसत होती. जऊळका म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. वहिनीचा मुलगा आज नऊ वर्षांचा आहे. सोयाबीनचे दाणे तासभर एका रेषेत मांडतो, कुकरची शिट्टी झाली की कान झाकून अंगणात पळतो. वहिनीने लग्नांना जाणं कधीच बंद केलंय. मांडवात डीजे वाजला की तो किंचाळतो, आणि बायका मुलाकडे नाही, तिच्याकडे बघतात.

ही बघण्याची तऱ्हा काही फक्त आपल्याकडची नाही बरं का! विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले बडे तज्ज्ञ अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणायचे. आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं, हे त्यांचं निदान. ते खोडून काढणारं पुस्तक 1964 मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी लिहिलं. मानसशास्त्रज्ञ होतेच, पण त्यांचा स्वतःचा मुलगाही ऑटिस्टिक होता.

‘पुण्याला ये ना वहिनी, इथे थेरपिस्ट आहेत,’ असा आगाऊ सल्ला मीही दिला होता. ती हसली. ‘ताई, तिथं हा घराबाहेर निघून गेला तं कोन आनून देईन? इथं किराणावाल्यालेही माहीत हाये, हा कोनाचा. त्याले समदं समजते, सांगताच येत नाही फक्त.’ माझ्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनावही मला माहीत नाही. मी काय बोलणार?

पण गाव थेरपी देत नाही, हेही तितकंच खरं. त्यासाठी अकोल्याची वारी, दादाचा दिवस बुडतो. म्हणूनच मला 2016 चा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. गोवा आणि रावळपिंडीतल्या 65 मुलांवर तो झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद कसा साधायचा हे शिकवलं. पालकांचं मुलाशी जुळवून घेणं सुधारलं, मुलं स्वतःहून जास्त संवाद साधायला लागली. जऊळक्यासारख्या गावांसाठी मॉडेल असेल तर हेच, महागडं सेंटर नव्हे.

दादा कमी बोलतो. गेल्या वेळी मात्र त्याने एकच विचारलं, ‘आमच्यामागं याचं कोन?’ मी त्याला नॅशनल ट्रस्ट कायद्याबद्दल सांगितलं. 1999 च्या या कायद्यात ऑटिझम आहे. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मुलगा 18 वर्षांचा झाला की कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. 18 ला अजून नऊ वर्षं आहेत. दादाने कागदांची यादी त्याच रात्री माझ्याकडून लिहून घेतली आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.