रूपापायी विकतचे दुखणे

लग्नसराई जवळ आली की सीताबर्डीच्या आणि इतवारीच्या दुकानांत खेड्यापाड्यांतून आलेल्या आयाबहिणींची गर्दी होते. साडी-चोळी, जोडवी, बांगड्या घेऊन झाल्या की उरलेल्या पैशांत एक डबी हमखास पिशवीत पडते. चेहरा उजळ करणाऱ्या मलमाची! कधी ती दुकानातली असते, तर कधी ब्यूटी पार्लरवाल्या बाईने "खास माझ्याकडचीच आहे" म्हणून हातावर ठेवलेली. पंधरा दिवसांत मुलगी उजळ दिसू लागते. शेजारीण विचारते, "काय लावता हो?" आणि एका डबीच्या चार डब्या होतात.

वाचकहो, आज या डबीबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत, कारण आपल्याच विदर्भात तिने एका घरातल्या तिघींना अंथरुणाला खिळवले होते.

ही हकिकत अकोल्याची, २०२२ सालची. वीस वर्षांची एक कॉलेजात शिकणारी मुलगी ओळखीच्या पार्लरवालीकडून मलम आणून लावू लागली. रंग उजळला. मग तिच्या आईने आणि बहिणीनेही तेच मलम सुरू केले. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी चाळणी. त्या चाळणीला सूज आली होती. तिघींनाही एकाच सुमारास हा रोग कसा व्हावा, हे कोडे डॉक्टरांना पडले. शोध घेता घेता बोट त्या डबीकडे गेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा मलमात पारा निघाला. मुलीच्या रक्तातही पारा होता. ७ च्या आत असायला हवा, तो ४६ भरला.

हे एका गावापुरते म्हणावे, तर तसेही नाही. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जणांनी चेहरा उजळ करणारी मलमे वापरल्याचे कबूल केले. समाधानाची बाब एवढीच, की मलम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली.

आता तुम्ही म्हणाल, पारा म्हणजे थर्मामीटरमधला चकाकता थेंब, तो मलमात कशाला? त्याचे कारण असे. आपल्या कातडीत काळसर रंगद्रव्य तयार होत असते. ते तयार करणाऱ्या रसाचे काम पारा बंद पाडतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. पारा स्वस्त आणि गुण चटकन दिसणारा, म्हणून लबाड कारखानदाराला तो सोयीचा. पण कातडी म्हणजे काही सिमेंटची भिंत नाही. तिच्यावर चोळलेला पारा आत मुरतो, रक्तात उतरतो आणि शेवटी मूत्रपिंडात जाऊन बसतो. त्याची वाफही होते. मलम एकीने लावले तरी तिच्या उशीवरून, टॉवेलवरून आणि अंगावर पिणाऱ्या लेकरापर्यंत तो पोचू शकतो. गरोदर बाईने तर अशा डबीला हातही लावू नये. पोटातल्या बाळाच्या मेंदूला पारा बाधतो.

आणखी एक. हे रंगद्रव्य आपल्याला उगाच दिलेले नाही. वावरात दिवसभर निंदण-खुरपण करणाऱ्या बाईची उन्हापासून राखण तेच करते. ते काढून टाकायचे आणि मग वैशाखातल्या नागपुरी उन्हात उभे राहायचे, म्हणजे छत्री मोडून पावसात निघण्यासारखे आहे. जमीन घ्यायला निघालो की आपण काळी, कसदार बघून चार पैसे जास्त मोजतो. सून बघायला निघालो की मात्र आपला हिशेब उलटा होतो. असो.

चेहऱ्याला असे काही लावणाऱ्या कोणाच्या लघवीला फार फेस येत असेल, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी पावलांवर सूज दिसत असेल, रक्तदाब वाढला असेल, तर वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची साधी तपासणी होते. लघवीतून प्रथिने जाताहेत का, ते तिथे कळते. जात असतील तर नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोत दाखवा. जाताना ती डबी सोबत न्या. "काय लावता?" असे डॉक्टर विचारतीलच असे नाही, आणि आपणही लाजेने सांगत नाही. पुरुषांनीही सांगावे. हल्ली न्हाव्याच्या दुकानातून असली मलमे तरण्या पोरांच्या तोंडालाही लागू लागली आहेत.

पारा असलेल्या डबीवर "पारा" असे कोणी छापत नाही. छापलेच तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, मर्क्युरिक आयोडाईड, अमोनिएटेड मर्क्युरी अशी नावे असतात. एक खूण ध्यानात ठेवा. "मलम लावताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवावेत" अशी सूचना असेल, तर ते मलम परत करा. पारा सोन्याला धरतो, हे कोणताही सराफ सांगेल. आपल्या कायद्याने मलमात पारा घालता येत नाही. नकळत आलाच तर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पाऱ्याविरुद्धच्या मिनामाता करारावर भारताने २०१८ साली शिक्कामोर्तब केले आहे. पण कायदा कारखान्याच्या दारापर्यंत जातो. बिननावाची डबी मागच्या दाराने येते. म्हणून बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि आत काय काय आहे त्याची यादी, यांतले एक जरी नसेल तरी ती वस्तू घेऊ नये. "हर्बल" किंवा "आयुर्वेदिक" एवढा शब्द वाचून भुलू नये. शब्द छापायला पैसे पडत नाहीत.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे स्टेरॉईडची मलमे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्यांतली नावे. ती औषधे वाईट नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावली तर कामाची आहेत. पण आपल्याकडे गजकर्णाला तीच, मुरुमाला तीच आणि गोरे व्हायलाही तीच! दोन दिवसांत खाज थांबते, आत गजकर्ण मात्र फोफावते आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. तोंडावर महिनोन्महिने लावल्यास कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ होते, लाल होते, बायकांच्या गालांवर केस येतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. खोक्यावर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीचे, हे ओळखून असा. फार दिवस लावत असाल तर एकदम सोडूनही देऊ नका, चेहरा भडकतो. त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवून सोडा.

आता जी गोष्ट सांगतो, ती शेतकऱ्याच्या घरातच घडते. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या, फणी करून आईचे हात दुखले, आणि कोनाड्यात कपाशीवर फवारायचे औषध दिसले. "थोडे तेलात मिसळून लावले तर काय होते?" माउली, जीव जातो! २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यांनी काही ते औषध प्यायले नव्हते. श्वासातून आणि कातडीतून ते आत गेले होते. डोक्याची कातडी तर पातळ, त्यात खाजवून जखमा झालेल्या. लेकराचे अंग लहान, त्याला थोडेही फार होते. तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, बुबुळ बारीक झाले, श्वास लागला, की समजावे विष भिनले. अशा वेळी कपडे काढा, साबणाने डोके-अंग धुवा आणि औषधाची बाटली घेऊन दवाखाना गाठा. धुणाऱ्याने हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. रॉकेलही डोक्याला नको. चुलीची ठिणगी पुरे होते.

उवांसाठी पर्मेथ्रीन १ टक्का असलेले लोशन औषधाच्या दुकानात मिळते. कागदावर लिहिल्याप्रमाणे लावा, सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावा, आणि घरातल्या ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात उवा आहेत त्या सगळ्यांना एकाच दिवशी लावा. नाहीतर एकीच्या उवा दुसरीकडे जाऊन पुन्हा माहेरी येतात. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी रोज फिरवायची ती आहेच.

टिकलीबद्दल थोडे. कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज, मग गोल पांढरा डाग, आणि घरात कोड आले म्हणून रडारड. पुष्कळदा ते कोड नसते. चिकट टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटाईल फिनॉल नावाचे रसायन असते, ते कातडीचा रंग मारते. खाज सुटताच टिकली सोडली तर डाग टळतो. पडलेला डागही काही जणींचा हळूहळू भरून येतो, पण सगळ्यांचा नाही. चिकट टिकली सोसत नसेल तर कुंकू लावा, पण तेही पारखून. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांचे कुंकू वेगळे, आणि पिठात रंग कालवून केलेली लाल भुकटी वेगळी. शेंदूर म्हणजे तर शिशाचे भस्म, तो देवालाच राहू द्यावा. लेकरांच्या डोळ्यांत बाजारचा सुरमाही घालू नये. त्यातही शिसे असते.

केसांना कलप लावणाऱ्यांनी आणि चटकन रंगणारी काळी मेंदी काढणाऱ्यांनी आधी कानामागे ठिपका लावून दोन दिवस थांबावे. पॅराफेनिलीन डायअमाईन हे त्यातले रसायन काहींना असे बाधते, की तोंड सुजून डोळे मिटतात. मेंदीच्या पाल्याचा रंग तांबूस असतो. ती कोळशासारखी काळी रंगली, की त्यात काहीतरी घातले आहे हे समजावे.

मग लावायचे काय? आजारातून उठलेल्या माणसाने तर जितके कमी तितके बरे. साधा साबण, अंगाला खोबरेल. गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहाच्या टोळीचे तेल थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात, तेही चांगले. केसांना शिकेकाई-रिठे, मात्र डोळे मिटून. चेहऱ्याला डाळीचे पीठ आणि दही. संत्र्याच्या साली तर आपल्या नागपूरकडे उकिरड्यावर जातात. त्या सावलीत वाळवून, दळून पिठात मिसळाव्यात. फवारलेल्या बागेतली फळे आधी स्वच्छ धुवावीत, एवढे पथ्य. लिंबू चोळून उन्हात जाऊ नये, कातडी भाजते आणि काळे चट्टे पडतात. घरचे म्हणून सगळेच निर्धोक असते असे नाही. उन्हाला दुपट्टा तोंडाभोवती घट्ट बांधून नागपूरच्या मुली सायकल-गाडीवरून जातात, तोच वावरातही बांधावा. रंग राखायला त्याहून स्वस्त साधन नाही.

आणि संशयाची डबी घरात असेलच, तर ती चुलीत टाकू नका, पाऱ्याची वाफ घरभर होईल. विहिरीकडे, नाल्यात किंवा शेणखतातही नको. झाकण घट्ट लावून दुहेरी पिशवीत बांधा, लेकरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रारीसह नेऊन द्या. कोणाकडून, कधी, किती पैशांना घेतली, ते कागदावर लिहून द्यावे. पावती असेल तर तीही जोडावी.