२.४ निजामशाहीतील दोन राण्या : खुंजा हुमायून आणि चांदबिबी

मुस्लिम इतिहासातील कर्तृत्ववान स्त्रिया म्हटले, की दिल्लीच्या तख्तावर बसलेली रझिया सुलतान (१२३६-१२४०) किंवा ‘हुमायूननामा’ लिहिणारी गुलबदन बेगम ही नावे प्रथम आठवतात. परंतु अशा स्त्रिया आपल्या मुलुखातही होऊन गेल्या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे स्त्रीजीवनाच्या इतिहासात ज्याचे नाव झाले, त्या केडगावहून दौंडला जाऊन मनमाडकडची गाडी धरली, की भीमा ओलांडून तुम्ही अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पोहोचता. सोळाव्या शतकात ही निजामशाहीची राजधानी होती.

१५६५ मध्ये हुसेन निजामशहाचा मृत्यू झाला. त्याचा पुत्र मुर्तजा अल्पवयीन असल्यामुळे राज्याची सूत्रे राणी खुंजा हुमायून हिच्या हाती आली. आफताबी या कवीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र फार्सी काव्य याच सुमाराचे असून त्याची हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील चित्रांत राणी सुलतानाशेजारी बसलेली रंगवली होती. पुढे मुर्तजाने आईला कैदेत टाकून सत्ता आपल्या हाती घेतली. बहुतेक चित्रांतील राणीची आकृती नंतर पुसून टाकण्यात आली आहे. अभ्यासकाने येथे थांबून विचार करावा. पुसलेली आकृती हाही पुरावाच असतो. राणीचे स्थान किती मोठे होते आणि ते किती जणांना खुपले, हे त्यावरून कळते.

खुंजा हुमायूनची कन्या म्हणजे चांदबिबी. विजयनगरविरुद्धच्या युतीसाठी तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला व सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला. १५८० मध्ये अलीचा खून झाल्यावर बाल इब्राहिमच्या वतीने तिने कारभार पाहिला. किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. परंतु त्याचा अंमल टिकला नाही आणि ती सन्मानाने परतली.

१५९५ मध्ये निजामशाहीत वारसाचा कलह माजला. अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरला वेढा घातला, तेव्हा बचावाचे नेतृत्व चांदबिबीने केले. सुरुंगाने तटाला खिंडार पडले, त्या वेळी ती स्वतः तेथे उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. अखेर १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तिने तह केला. किल्ला वाचला, प्रांत गेला. या तहाला पराभव म्हणावे की राज्य टिकवण्याची किंमत, याविषयी तुम्ही आपले मत साधार बनवावे. १६०० मध्ये मोगल पुन्हा चालून आले. तिने वाटाघाटीचा विचार करताच तिच्यावर फितुरीचा आरोप झाला आणि स्वतःच्याच सैनिकांनी तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

लोकस्मृतीने मात्र तिला वेगळ्या रीतीने जपले. तिने विहिरीत उडी घेतल्याची आख्यायिका सांगितली जाते. नगरजवळच्या डोंगरावरील ‘चांदबिबीचा महाल’ ही वास्तू प्रत्यक्षात सलाबतखान या मंत्र्याची कबर आहे. ही समजूत चुकीची असली तरी निरर्थक नाही. आईचे चित्र दरबाराने पुसले. मुलीच्या नावावर लोकांनी एक संपूर्ण इमारत करून दिली. म्हणून तवारिखा, चित्रे आणि आख्यायिका ही तिन्ही साधने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. तवारिखांतून घटनाक्रम मिळतो, चित्रांतून दरबारातील मान-अपमान दिसतात, तर आख्यायिकांतून लोकांनी कोणाला आपले मानले ते कळते.

स्वयंअध्ययनासाठी : तुमच्या गावातील एखादी वास्तू, विहीर किंवा बारव एखाद्या स्त्रीच्या नावाने ओळखली जाते का? वडीलधाऱ्यांकडून तिची हकीकत टिपून घ्या. तिच्यातील आख्यायिका कोणती आणि कागदोपत्री आधार कोणता, हे दहा ओळींत वेगळे करून लिहा.