निष्णात नर्स, नवखी शिक्षिका

अमेरिकेत नर्सची टंचाई आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच देशात नर्सिंगच्या दारातून हजारो पात्र विद्यार्थी परत जातात, याची चर्चा कमी होते. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये पात्र ठरलेले ६५,७६६ अर्ज नाकारले गेले. वर्गखोल्या, रुग्णालयांतली प्रशिक्षणाची जागा आणि निधी अपुरा पडतोच, पण शिक्षकांची उणीव हे त्यातले मोठे कारण. यावरचा एक उपाय म्हणजे अनुभवी नर्सना अध्यापनाकडे वळवणारे पदव्युत्तर प्रमाणपत्र. अभ्यासक्रमाची रचना, शिकवण्याच्या पद्धती, मूल्यमापन आणि प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव असे मोजके विषय त्यात असतात. एखाद्या रुग्णसेवेच्या शाखेत मास्टर्स केलेल्या नर्सला त्यामुळे दुसरी पूर्ण पदवी घ्यावी लागत नाही.

वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरला आणखी कागद कशाला, असा आक्षेप यावर हमखास येतो. त्याचे उत्तर नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या विवेचनात सापडते. नवखी नर्स नियम धरून चालते. निष्णात नर्सला रुग्णाची एकूण अवस्था पाहताच काय बिघडते आहे ते उमगते. पण जे असे उमगते, ते पायरी-पायरीने सांगता येईलच असे नाही. विद्यार्थिनीला मात्र त्या पायऱ्याच हव्या असतात: आधी काय पाहायचे, कोणता आकडा खटकला पाहिजे, डॉक्टरांना केव्हा बोलवायचे. शिवाय तिची चूक रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी पकडायची आणि ती उत्तीर्ण होण्याइतकी तयार आहे का, याचा न्याय्य निवाडाही करायचा. ही कौशल्ये ड्युटीच्या वर्षांतून आपोआप येत नाहीत. अनुभव हा शिकवण्याचा ऐवज आहे. तो पोहोचवण्याची रीत वेगळी शिकावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत त्याच पात्रतेची नर्स रुग्णसेवेत राहिली तर बहुधा प्राध्यापकीपेक्षा जास्त कमावते. मग प्रमाणपत्रे वाटून शिक्षक कसे मिळणार? हे खरे आहे, आणि पगारातली ही दरी कोणताही अभ्यासक्रम भरून काढू शकत नाही. म्हणून प्रमाणपत्र वेतनसुधारणेची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्यांना शिकवायचे आहे, त्यांच्यासाठी वाट बदलण्याचा खर्च आणि वेळ ते कमी करते, नोकरी न सोडता अर्धवेळ शिकवून पाहण्याची मुभाही देते.

भारतात एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ‘नर्सिंग एज्युकेशन’ हा विषय सर्वांना असतो. अध्यापन ही स्वतंत्र विद्या आहे, हे आपल्या अभ्यासक्रमाने मान्य केलेलेच आहे. तेव्हा शिक्षिका नेमताना अनुभवाची वर्षे मोजण्याबरोबरच तिला शिकवता येते का, हेही तपासले पाहिजे. आणि तसे शिकण्यासाठी तिला सवड व मोबदला दिला पाहिजे.